गप्प बसलेल्यांचा होकार

१२ जानेवारी

प्रिय मास्तर,

पोचले. सामानही पोचलं, फक्त दुसऱ्याच शहरात. दोन दिवस अंगावरच्या एका जोडीवर मी देशाची शान राखली. फोनवर आपण दोघं ‘बाकी काय’च्या पुढे जात नाही, आणि गेलोच तर भांडतो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र. दर गुरुवारी वकिलातीची टपालथैली निघते. तूही तुझं पत्र आपल्याकडच्या खात्याच्या कचेरीत नेऊन दे, म्हणजे हरवायचं झालं तरी सरकारी इतमामाने हरवेल.

देशोदेशींच्या कराराची बैठक चालते ते सभागृह तुझ्या शाळेच्या मैदानाएवढं आहे आणि खिडकी एकही नाही. बाहेर दिवस आहे की संध्याकाळ, ते चहा आला की कळतं. प्रत्येकाच्या पुढ्यात देशाच्या नावाची पाटी आडवी ठेवलेली असते. बोलायचं असलं की ती उभी करायची. कलम वाचून झालं की अध्यक्ष विचारतात, कोणाची हरकत? एकही पाटी उभी राहिली नाही तर हातोडी आपटतात आणि कलम मंजूर. मतदान वगैरे भानगड नाही. गप्प बसलेला राजी, आणि खोलीबाहेर गेलेलाही राजी. काल मी पाणी प्यायला बाहेर गेले आणि तेवढ्यात आपल्या देशाने एका पोटकलमाला संमती देऊन टाकली. कलम निरुपद्रवी होतं, पण मला घाम फुटला.

मोठ्या देशांची चाळीस-चाळीस माणसं आली आहेत. पाळ्या लावून बसतात. आपण तिघं. राजदूतसाहेबांना मेजवान्यांतून सवड नाही, दुसरा ड्रायव्हर, तिसरी मी. बैठका मात्र एका वेळी चार खोल्यांत. आपला सगळा जीव बाविसाव्या कलमात आहे: ज्या देशाने यंत्र विकत घेतलं त्याला ते उघडायचा, दुरुस्त करायचा आणि त्यात साठलेली आपल्या माणसांची माहिती आपल्याकडे ठेवायचा हक्क. म्हणजे आपल्या गावच्या दवाखान्यातलं रक्ततपासणीचं यंत्र बंद पडलं तर साता समुद्रापलीकडच्या कंपनीची परवानगी येईपर्यंत त्यावर कापड घालून बसायला नको. एवढीशी गोष्ट, पण ती ऐकताना समोरच्यांचे चेहरे असे होतात जसं मी त्यांचं घर मागितलं.

एप्रिलपर्यंत हे आटपेल. बुटकीची परीक्षा संपलेली असेल आणि कॉलेज सप्टेंबरला, म्हणजे सगळा उन्हाळा आपल्या तिघांचा. गेली दोन वर्षं मी घरी पाहुण्यासारखी आले. या वेळी पसरून राहणार आहे. पोरीला सांग.

तुझीच,
खिडकी नसलेल्या खोलीतून

---

२६ जानेवारी

प्रिय बाईसाहेब,

तुझं पत्र आलं. बुटकीने माझ्याआधी फोडलं आणि मोठ्याने वाचलं, त्यामुळे मला ते आधी ऐकायला आणि मग वाचायला मिळालं. तिला तुझी पाट्यांची पद्धत इतकी पसंत पडली की त्याच दिवशी तिने खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पाट्या कापल्या. आता जेवताना माझ्या स्वयंपाकाबद्दल हरकत असली की ती पाटी उभी करते. अंडी करपली, पाटी. भातात खडा, पाटी. काल मी स्वतःच्याच स्वयंपाकाविरुद्ध पाटी उभी केली तेव्हा ती हसून हसून खुर्चीवरून घसरली. बुटकी म्हणतो खरं, पण ती आता माझ्या कानाच्या वर गेली आहे. माळ्यावरचा डबा मला काढून देते.

दवाखान्याच्या यंत्रावर अजून कापडच आहे. आक्काला रक्त तपासायला शेजारच्या शहरी न्यावं लागलं. वाटभर ती तुझ्याबद्दल बोलत होती. ‘माझी भावजय तिकडे मोठमोठ्या लोकांशी भांडतेय, तिला म्हणावं, माझ्या नावानेही दोन शब्द बोल.’ हे तिने बसमधल्या अनोळखी बाईलाही सांगितलं.

शाळेत नववीला जगाचा नकाशा शिकवतो आहे. तू जिथे आहेस तिथे माझं बोट जरा जास्त वेळ थांबतं. मुलांच्या लक्षात आलं आहे. एकमेकांना कोपराने ढोसतात.

एप्रिल फार लांब नाही. मी मनाला तसं सांगतो आणि मन मानत नाही, ती गोष्ट वेगळी. तुझी उशी बुटकीने ढापली आहे.

तुझा,
करपलेल्या अंड्यांचा धनी

---

१५ मार्च

प्रिय मास्तर,

मधली तुझी दोन पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण इथे आता रात्री उशिरापर्यंत बसवतात. मोठ्यांची माणसं बदलतात, आमची तीच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आपल्यासारख्याच एका लहान देशाच्या बाई असतात. मी त्यांना शेजारीणबाई म्हणते. पिशवीतून बिस्किटं काढून मला देतात आणि मी त्यांना सकाळच्या खोलीतलं टिपण देते. असा आमचा संसार चाललाय.

बाविसावं कलम अजून लटकलेलं आहे. एप्रिलमध्ये संपायची बैठक जुलैअखेरपर्यंत वाढवली. त्यातच गेल्या आठवड्यात लहान देशांच्या गटाने मला या कलमापुरतं पुढारी केलं. मी नाही म्हणणार होते. पण पहिल्या दिवसापासून या कलमाला बसलेली मी एकटीच उरले आहे. बाकीच्यांचे लोक बदलले, नाहीतर परत गेले. खात्यातून दुसरं माणूस आलं तर त्याला कुठला शब्द कोणी कशाच्या बदल्यात घातला हे कळायलाच दोन महिने लागतील.

राजदूतसाहेब म्हणाले, घरी विचारून घ्या. म्हणून विचारते. तुम्हा दोघांची हरकत नसेल तर मी जुलैपर्यंत थांबते. हरकत असेल तर उलट टपाली लिही. मला वाईट वाटणार नाही.

बुटकीची परीक्षा कशी चालली आहे? तिला म्हणावं, पेन दोन ने. गेल्या वर्षी मी नसतानाच तिचं पेन आटलं होतं.

तुझीच

---

२९ मार्च

प्रिय बाईसाहेब,

परीक्षा संपली. पेन तीन नेली होती. शेवटचा पेपर देऊन आली ती थेट न्हाव्याकडे, आणि केस कानापर्यंत कापून आली. मला आधी वाटलं, दारात कोणी मुलगा उभा आहे. चांगली दिसते. तुझ्यासारखी दिसते. म्हणजे आपण भेटलो तेव्हाची तू.

मोरीचा नळ गळत होता, तो मी स्वतः दुरुस्त केला. आता दोन ठिकाणी गळतो. हेडमास्तरांनी माझ्यावर शाळेच्या बागेचं काम टाकलं आहे, कारण भूगोलाच्या माणसाला मातीची माहिती असते असा त्यांचा समज आहे. आक्काचं बरं आहे. औषध बदललं.

तुझ्या पत्राचा शेवटचा भाग आम्ही दोघांनी वाचला. मग बुटकी तिच्या खोलीत गेली आणि मी भांडी घासली.

पुठ्ठ्याच्या पाट्या बरेच दिवस दिसल्या नाहीत. केर काढताना गेल्या असतील. उन्हाळा इथे या वर्षी लवकर आला. अंगणात खाटा टाकून झोपतो. तुझी खाट आम्ही काढली होती, परत आत ठेवली.

तुझा,
मास्तर

---

११ एप्रिल

प्रिय मास्तर,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मला खात्री होती की तुम्ही दोघं हरकत घेणार नाही, तरी पाकीट उभ्याउभ्याच फोडलं. राजदूतसाहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं की घरची संमती आली. माझ्या मागे उभं राहणारं घर आहे, हे इथे फार थोड्यांच्या नशिबी असतं. बुटकीला माझ्यातर्फे जवळ घे, मोठी झाली असली तरी.

काल एक गंमत झाली. गंमत म्हणायची की काय, कोणास ठाऊक. समोरच्या बाजूचे एक लांबलचक गृहस्थ आहेत, वागायला अगदी साखर. चहाच्या टेबलाशी त्यांनी मला विचारलं की घरी कोण कोण असतं. मी सांगितलं. मुलगी केवढी, तेही सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, ‘तुमचं म्हणणं चूक आहे असं आम्ही कधीच म्हटलं नाही. आम्हाला फक्त घाई नाही. तुमच्यासारख्यांना घरी जायचं असतं.’ कप ठेवला आणि हसून निघून गेले. म्हणजे युक्तिवादाने हरवायची त्यांना गरजच नाही, मास्तर. आम्हाला घरची आठवण येईपर्यंत ते बसून राहतात. मला तुमची जेवढी आठवण येते तेवढा त्यांचा फायदा. तेव्हापासून मी आठवणसुद्धा जरा चोरूनच काढते.

दुसरी गोष्ट अशी की शेजारीणबाई हल्ली बाविसावं कलम निघालं की चहाला जातात. त्यांच्या सरकारला कुठलंसं मोठं कर्ज मिळायचंय, वरून सांगून आलंय की त्या कलमाला खोलीत बसू नका. मी चिडून विचारलं, तुम्हाला पटलं का हे? त्या म्हणाल्या, ‘बाई, गप्प बसणारा राजी असतो हे या खोलीत. बाहेर गप्प बसणाऱ्याला फक्त बोलायचं परवडत नसतं.’ मला त्यांची कीव आली. आपलं घर असं नाही, म्हणून बरं.

जुलै संपला की मी आलेच. ऑगस्ट तर आपला आहे. कॉलेजला सोडायला आपण तिघं जाऊ.

तुझीच

---

८ मे

प्रिय बाईसाहेब,

निकाल लागला. चांगला लागला. प्रवेशही पक्का झाला, जनावरांच्या डॉक्टरीचाच, तिला हवं होतं तेच कॉलेज. रात्रभराचा प्रवास आहे. आक्का म्हणाली, एवढे मार्क मिळवून गाईम्हशींना सुई टोचायची? बुटकी म्हणाली, आत्या, त्या तुझ्यापेक्षा कमी ओरडतात. दोघी दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी एकत्र बाजाराला गेल्या.

बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले आहेत, एक बॅग आणली आहे. तयारी जरा आधीपासून केलेली बरी, म्हणून. घरभर बूट घालून हिंडते. फरशीवर चॉक चॉक आवाज येतो. मला तो आवाज आवडायला लागला आहे.

गोड बोलणाऱ्या त्या लांबलचक माणसाला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, आमच्या घरी आठवण काढायला बंदी नाही. मी तर सर्रास काढतो. सकाळी चहा अजून तीन कप टाकतो. एक उरतो, तो मीच पितो. वर्गातली मुलं म्हणतात, सर हल्ली फार चहा पितात.

तू तिकडे ठाम राहा. दवाखान्यातलं कापड अजून तसंच आहे.

तुझा,
मास्तर

---

१४ जून

आई,

हे पत्र मी कॉलेजच्या वसतिगृहातून लिहिते आहे. इथे येऊन मला आठवडा झाला. बाबांनी तुला कळवलं नसणार, कारण मीच त्यांना कळवू नका म्हटलं होतं. आता ते मलाच बरोबर वाटत नाही, म्हणून लिहिते.

नव्या मुलांसाठी इथे उन्हाळी वर्ग असतो, गोठ्यातच काम करायचं. सक्तीचा नाही. मी आधी नाव घातलं नव्हतं, कारण उन्हाळा तुझ्याबरोबर घालवायचा होता. तू येणार नाहीस म्हटल्यावर घातलं. आणखी काय करणार होते घरी बसून?

तू लिहिलंस, हरकत असेल तर लिहा. आम्ही लिहिलं नाही. मग तुझं पत्र आलं, संमतीबद्दल आभार मानणारं. ते वाचून बाबा अंगणात जाऊन बसले. मला तुझा इतका राग आला की मी लपवून ठेवलेल्या त्या पाट्या चुलीत घातल्या. आम्ही संमती दिली नव्हती, आई. आम्ही गप्प बसलो होतो. मला वाटत होतं, तू ओळखशील.

तुझं काम मोठं आहे हे मला कळतं. कोणी विचारलं तर मी छाती काढून सांगतेसुद्धा. पण घरून निघताना बसच्या खिडकीतून बाबा एकटेच दिसत होते आणि हात कुठल्या खिशात घालावा हे त्यांना कळत नव्हतं. ते मला विसरता येत नाही. तू त्यांना पत्र लिही. मला एवढ्यात नको लिहूस.

बुटकी
(पत्ता मुद्दाम लिहीत नाही.)

---

२३ जून

मास्तर,

बुटकीचं पत्र आलं. तुला माहीत होतं. मे महिन्यात ते बूट, ती बॅग, ‘तयारी आधीपासून केलेली बरी’. तू मला बनवलंस.

मी मार्चमध्येच हरकत असेल तर लिही म्हणून स्पष्ट लिहिलं होतं. याहून स्पष्ट काय लिहायचं असतं? एक ओळ लिहिली असतीस तर मी त्या रात्रीचं विमान पकडलं असतं. आता माझी मुलगी घरातून गेली आणि मी तिला सोडायलाही नव्हते. तिची बॅग कोणी भरली, वाटेत खायला काय दिलं, ती रडली का, मला काही म्हणजे काही माहीत नाही. उन्हाळा माझा होता. तो तुम्ही दोघांनी मिळून मला न विचारता संपवून टाकलात.

आता मी उठून येऊही शकत नाही. कलम जुलैच्या शेवटी निकालाला येणार. आमच्या गटातले एकेक करून चहाला जायला लागले आहेत. त्या दिवशी माझी खुर्ची रिकामी दिसली की हातोडी पडेल. दोन्हीकडून मीच अडकले आहे आणि तू तिथे बसून मला ठाम राहा म्हणून लिहितोस.

तू मला का सांगितलं नाहीस? एवढंच लिही. नळाचं आणि बागेचं नको.

---

२ जुलै

प्रिय बाईसाहेब,

नळाचं लिहीत नाही.

आता माझंही ऐक. ‘हरकत नसेल तर’ असं विचारलं की समोरच्याने काय म्हणायचं असतं? माझी बायको देशाचं काम करतेय, त्यात आक्काचा दवाखानाही आला, आणि मी म्हणायचं, हो, माझी हरकत आहे? तू नुसतं लिहिलं असतंस की मी येऊ का, तर मी त्याच पावली ‘ये’ असं लिहिलं असतं आणि पत्र द्यायला पळत गेलो असतो. पण तू तसं विचारलंच नाहीस. तू अध्यक्षासारखं विचारलंस.

आणि गप्प बसल्याचं म्हणशील, तर वीस वर्षांत मी कधी कुठल्या गोष्टीला गप्प बसून होकार दिला? मला पसंत असलं की मी बडबड करतो. बिनसलं की गप्प होतो आणि भांडी घासतो. हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तू माझ्या आईला म्हणाली होतीस, ‘हे गप्प झाले की समजायचं, नाही म्हणताहेत.’ मी मुद्दाम लिहिलं होतं की भांडी घासली. मला वाटलं, एवढं पुरेल. तू ते वाचून आभार मानलेस, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू त्या खोलीत फार दिवस राहिलीस. मला राग नाही आला. भीती वाटली.

बुटकीने नको कळवू म्हटलं आणि मी ऐकलं, ती माझी चूक. कळवलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस, कलम पडलं असतं आणि आयुष्यभर तू आम्हाला बोलली नसतीस, पण मनात ठेवलं असतंस. म्हणून ऐकलं. बॅग तिची तिनेच भरली. वाटेत खायला उकडलेली अंडी दिली, करपायला वाव नको म्हणून. रडली नाही. मी रडलो, बस वळल्यावर.

तुझी फार आठवण येते. याआधी प्रत्येक पत्रात मी ती थट्टेत गुंडाळून लिहिली, आज सरळ लिहितो. घरात माझ्या चपलांचाच आवाज येतो. तरीपण आता जुलै संपेपर्यंत येऊ नकोस. पोरगी गेली आहे. आता अर्धवट टाकून आलीस तर तिचं जाणंही फुकट जाईल.

तुझा,
मास्तर

---

२९ जुलै

प्रिय मास्तर,

तुझं पत्र मी रोज वाचत होते आणि उत्तर लिहायला बसले की तुझंच वाक्य पुढे यायचं, तू अध्यक्षासारखं विचारलंस. खरं आहे. मला वाटलं, मी तुम्हाला हक्क देतेय. प्रत्यक्षात मी नाही म्हणायचं ओझं तुमच्यावर टाकलं आणि मोकळी झाले. समोरच्यांनी हाच डाव माझ्यावर टाकला तर मला दुरून ओळखू येतो. तो मी घरात खेळले आणि मला पत्ता लागला नाही.

शुक्रवारी कलम निघालं. लांबलचक गृहस्थांनी ते गाळायची सूचना आणली. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? शेजारीणबाई उठल्या, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चहाला गेल्या. मी पाटी उभी केली. अध्यक्षांनी सावकाश सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, माझ्यावर आली तशी पुढे नेली आणि पुन्हा विचारलं. मी पाटी धरूनच ठेवली. मग अगदी मागच्या रांगेतून आणखी दोन उभ्या राहिल्या. त्या देशांच्या माणसांशी मी कधी बोललेही नव्हते. हातोडी खाली ठेवावी लागली.

त्यानंतर दोन दिवस बोळांतून, जिन्यांवर ओढाताण चालली. शेवटी कलम राहिलं. यंत्र उघडायचा हक्क राहिला, दुरुस्तीचा राहिला, माहिती घरी ठेवायचाही राहिला. फक्त पुढे ‘शक्य असेल तेथे’ असे शब्द घुसवले. निम्मं जिंकलो म्हण. आक्काच्या दवाखान्याला हे शब्द पुरतील असं मला वाटतं, पण खात्री देत नाही.

शक्य म्हणजे काय, यावर पुढच्या वर्षी बैठका. त्यासाठी मला आणखी तीन वर्षं इथेच नेमल्याचा हुकूम खात्याकडून लगेच आला, अभिनंदनासकट. खाली लिहिलं आहे: हरकत नसल्यास उत्तराची आवश्यकता नाही. मी उत्तर पाठवलं. माझ्या जागी एक नवीन अधिकारी बाई येताहेत, हुशार आहेत. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या तर काय होईल, हे मनात येतं. रात्री झोपेतही येतं. पण ते काम आता त्यांचं.

मी येतेय. पण आधी घरी नाही. मधेच उतरून बुटकीकडे जाणार आहे. तिने नको म्हटलं होतं लिहू, म्हणून लिहीत नाही, जातेच. तिला राग येईल कदाचित. तू काय म्हणतोस? या वेळी खरोखर विचारते. मी जाऊ का?

तुझीच

---

६ ऑगस्ट

प्रिय बाईसाहेब,

जा. जा. जा. आजच जा. मी बडबडतोय हे लक्षात घे.

वसतिगृह डेअरीच्या मागे आहे, लाल दाराचं. राखणदार बाई खडूस आहे, मागे मी भेटायला गेलो तेव्हा मलासुद्धा आत सोडलं नव्हतं. बुटकीला मी कळवलेलं नाही. भेटेल की नाही, सांगता येत नाही. माझ्याशीसुद्धा ती दर आठवड्याला फोनवर गाईंबद्दलच बोलते. भेटली नाही तरी लगेच तोंड पाडून घरी येऊ नकोस, एक दिवस राहा. मी कुठे जात नाही. खाट अंगणात काढून ठेवतो.

तुझा

---

१७ ऑगस्ट

प्रिय मास्तर,

हे मी तिच्या कॉलेजच्या आवारातून लिहितेय, मांडीवर कागद धरून, म्हणून अक्षर असं.

भेटली. राखणदार बाईने निरोप वर पाठवला आणि मी खाली बराच वेळ उभी. मग जिन्यावर चॉक चॉक आवाज आला. तू लिहिलं नसतंस तर मला तो कळला नसता. तिच्या हाताला औषधाचा वास येत होता आणि गालावर कसलासा ओरखडा होता, वासराचा म्हणाली. मी जवळ घ्यायला पुढे झाले तर तिने घेऊ दिलं, पण हात खालीच ठेवले. मग आम्ही दोघी अशा काही बोललो की तुला हसू आलं असतं. प्रवास कसा झाला, जेवण कसं असतं, इथे ऊन फार आहे. मी सात महिने परक्यांशी याहून मोकळेपणाने बोलले असेन.

मला सांगायचं होतं की माझं चुकलं. ते मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, काही बोलली नाही. या वेळी ती गप्प बसली तेव्हा मी ते होकारात धरलं नाही आणि नकारातही नाही. नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले. फार बदललीय रे. माझ्या डोळ्यांसमोर बदलायची होती.

मग तिचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली. उठताना तिने विचारलं, ‘परत कधी जायचंय तुला?’ मी म्हटलं, नाही जायचं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, विश्वास ठेवावा की नाही असं. मग म्हणाली, ‘वर्ग सुटल्यावर ये हवं तर. तोवर कुठेतरी फिरून ये.’

एवढं म्हणून गेली. मी कुठेच फिरायला गेले नाही. इथेच बसले आहे.

तुझीच